इराणी मांजर कीं सयामी?

मांजर पाळावें कीं न पाळावें, हा प्रश्न आमच्या वाडवडिलांस फारसा कधीं पडला नाहीं. मांजर आपण होऊन घरीं येत असे. भाताच्या कणगीमागें किंवा माळ्यावरील गोणपाटांत एखादी भाटी वीत असे, तिच्या पिल्लांपैकीं एखादें चुलीजवळ रेंगाळूं लागे, आजीबाई त्यास मासळीचें डोकें टाकीत, आणि तेवढ्यानें तें मांजर त्या घरचें होई. त्याची जात कोणी विचारिली नाहीं. त्याचा स्वभाव कोणी पारखिला नाहीं. घर पसंत पडलें नाहीं तर तें खुशाल शेजारीं निघून जाई. म्हणजे निवड करावयाची ती मांजरच करीत असे. मनुष्यास त्यांत मत नव्हतें.

हल्लीं तो अधिकार मनुष्यानें आपल्याकडे घेतला आहे. अष्टमी-रोह्याच्या मुलामुलींच्या तोंडीं आतां निराळाच प्रश्न ऐकूं येतो: "इराणी आणावें कीं सयामी?" मोबाइलच्या पडद्यावर गुबगुबीत पांढरें इराणी मांजर गादीवर लोळतांना दिसतें, त्याच्या पाठोपाठ निळ्या डोळ्यांचें व काळ्या कानांचें सयामी मांजर पंजानें दाराची कडी काढतांना दिसतें, आणि मुलांचीं मनें दोहोंकडे ओढलीं जातात. पालक किंमत विचारतात. मुलें तोंडवळा पाहतात, पालक किंमत पाहतात. घड्याळाकडे आणि आभाळाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. मांजराच्या काळजीस आपल्या घरीं रोज किती वेळ आहे हें घड्याळ सांगेल, आणि आपल्या गांवच्या हवेंत कोणतें मांजर सुखानें जगेल हें आभाळ सांगेल. आम्हीं या लेखांत ह्या दोघांचीच साक्ष घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम इराणी मांजराची हकीकत घेऊं. बाजारांत त्यास पर्शियन म्हणतात. लांब केसांच्या ह्या मांजराची वार्ता युरोपास ज्यांनीं कळविली त्यांत पिएत्रो देल्ला व्हाल्ले नांवाच्या इटालियन प्रवाशाचें नांव प्रथम घेतात. १६२० च्या सुमारास इराणांतून लिहिलेल्या पत्रांत त्यानें खुरासान प्रांतांतील करड्या रंगाच्या, रेशमासारख्या मऊ केसांच्या मांजरांची स्तुति केली, व तीं रोमला नेण्याचा आपला मनोदय कळविला. पुढची गोष्ट आमच्या वाचकांस विशेष मौजेची वाटेल. हाच गृहस्थ इराणांतून हिंदुस्थानांत आला, आणि १६२३ सालीं गोव्याच्या वाटेवर चौलास उतरला. आमची कुंडलिका एका तीरीं रोहे व दुसऱ्या तीरीं अष्टमी ठेवून पुढें वाहत जाते आणि जेथें समुद्रास मिळते, तेथेंच हें चौल-रेवदंड्याचें जुनें बंदर आहे. इराणी मांजराची कीर्ति युरोपास ऐकविणारा मनुष्य आमच्याच नदीच्या मुखाशीं येऊन गेला, हें मुलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु आज ज्यास इराणी मांजर म्हणतात तें खुरासानांतील मांजर नव्हे. त्याची आजची घडण इंग्लंडांत झाली. १८७१ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें हॅरिसन वेअर ह्या चित्रकारानें मांजरांचें मोठें प्रदर्शन भरविलें, आणि तेव्हांपासून बक्षिसासाठीं मांजरांची पैदास करण्याची हौस तेथें वाढीस लागली. २००८ सालीं निरनिराळ्या देशांतील मांजरांचे आनुवंशिक गुण ताडून पाहण्यांत आले, तेव्हां इराणी मांजराचें नातें इराणकडील मांजरांपेक्षां पश्चिम युरोपांतील मांजरांशींच अधिक जवळचें आढळलें. नांव इराणी आणि रक्त युरोपचें, असा हा प्रकार आहे.

स्वभावानें इराणी मांजर शांत. तें फार बोलत नाहीं, फळीवरचे डबे पाडीत नाहीं, पडद्यावर चढत नाहीं. गलबला त्यास खपत नाहीं. पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली कीं तें कपाटामागें जाऊन बसतें. दुपारीं घर रिकामें असलें तरी तें फारशी तक्रार करीत नाहीं. सायंकाळीं माणसें परत आलीं म्हणजे त्यांच्या शेजारीं येऊन, बहुधा मांडीवर न चढतां, स्वस्थ बसून राहतें. एवढें वाचून कोणासही वाटेल कीं, याहून सोयीचें जनावर तें कोणतें?

सोय संपते ती त्याच्या केसांपाशीं. आमच्या रोहे तालुक्यांत जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. भिंतींस ओल येते, पापड मऊ पडतात, चामडी जोड्यांवर बुरशी चढते, धुतलेला गणवेश दोन दोन दिवस वाळत नाहीं. ज्या हवेंत सुती सदरा वाळत नाहीं त्या हवेंत दुहेरी, दाट व बोटभर लांब केसांचें जनावर कोरडें कसें राहावें? वरचे केस लांब असतात आणि त्यांच्याखालीं कापसासारखे मऊ केस असतात. हे आंतले केस एकमेकांत गुंततात. कानामागें, काखेंत, पोटाखालीं व मागच्या मांड्यांवर त्यांच्या जटा होतात. जट कातडी ओढून धरते, म्हणून मांजर चालतांना दुखतें. जटेखालीं ओल कोंडते, म्हणून कातडी लाल होते व चिघळते. त्यांतच गजकर्णाची बुरशी शिरते. मांजरांचें हें गजकर्ण इराणी जातींत विशेष आढळतें, आणि तें मांजरापाशीं थांबत नाहीं. त्यास कुशींत घेऊन निजणाऱ्या मुलाच्या मानेवर आणि दंडावर त्याच बुरशीचीं वाटोळीं लाल चकंदळें उठतात. घरांत एकास झालें म्हणजे सर्वांचे कपडे, अंथरुणें, उशा धुवून काढाव्या लागतात, आणि भर श्रावणांत तीं वाळत नाहींत.

यावर उपाय आहे, नाहीं असें नाहीं. रोज, म्हणजे खरोखरच रोज, धातूच्या रुंद दातांच्या फणीनें थोडे थोडे केस वेगळे करून कातडीपर्यंत विंचरले पाहिजेत. वरवर ब्रश फिरविला म्हणजे मांजर दिसतें सुंदर. आंतल्या जटा तशाच राहतात. ह्या कामास पंधरा-वीस मिनिटें लागतात आणि तीं निजण्यापूर्वीं कंटाळलेल्या हातांनीं देतां येत नाहींत. एखादा दिवस चुकला तर चालेल. सहामाही परीक्षेचा आठवडा चुकला तर जट बसली म्हणून समजावें. बसलेली जट कात्रीनें कापण्याच्या भरीस मात्र मुलांनीं पडूं नये. मांजराची कातडी पातळ व सैल असते. जटेबरोबर ती कात्रींत येते आणि टांके घालण्याची पाळी येते. शिवाय मांजर अंग चाटून स्वच्छ करितें, तेव्हां हे लांब केस पोटांत जातात व त्यांचा गोळा होऊन ओकारी येते. डोळ्यांतून पाणी वाहतें तें दिवसांतून एकदां तरी ओल्या मऊ कापसानें पुसावें लागतें. इतकें सारें करणारें माणूस घरांत कोण, याचें उत्तर मांजर आणण्यापूर्वीं नांवानिशीं द्यावें. "आम्ही सगळे मिळून करूं" हें उत्तर आम्ही मानीत नाहीं. त्याचा अर्थ आईनें करावें असा होतो.

डोळ्यांतून पाणी कां वाहतें, हेंही सांगितलें पाहिजे. कारण तेथें मनुष्याची करणी आहे. वेअरनें १८८९ सालीं मांजरांवर पुस्तक लिहिलें. त्यांतील चित्रांत इराणी मांजरास चांगलें सरळ नाक आहे. पुढें प्रदर्शनांतून चपट्या तोंडास बक्षिसें मिळूं लागलीं, आणि पिढ्यान्‌पिढ्या चपट्याशीं चपटें जुळवून आजचें तोंड तयार झालें. विकणारे त्यास मोठ्या अभिमानानें "पंच फेस" म्हणतात. जरा नाक असलेल्यास "डॉल फेस" म्हणतात व त्याची किंमत कमी सांगतात. नाक आंत दाबलें गेल्यामुळें अश्रूंची नळी वांकडी होते, म्हणून डोळे सतत पाझरतात. नाकपुड्या अरुंद होतात, म्हणून श्वास घेतांना आवाज येतो. जबडा आखूड पडतो आणि दांत वेडेवांकडे येतात. कांहीं मांजरांस बशींतील अन्न उचलणेंही कठीण जातें. मे महिन्याच्या उकाड्यांत अशा मांजराची जी तगमग होते ती पाहवत नाहीं. मुलें त्याचें घोरणें ऐकून हंसतात. त्यांस कोणी सांगितलेलें नसतें कीं, तो श्वासासाठीं चाललेला झगडा आहे. खुद्द वेअरनें पुढें मांजरांच्या क्लबाचें अध्यक्षपद सोडलें, कारण तेथील मंडळींस मांजरांच्या हितापेक्षां बक्षिसें अधिक प्रिय झालीं असें त्यास दिसून आलें. आमच्या मतें "पंच फेस" मांजर कोणीही विकत घेऊं नये. येथें दोन बाजू आहेत असें आम्हांस वाटत नाहीं.

आणखी एक दोष बाहेरून दिसत नाहीं. इराणी मांजरांच्या मूत्रपिंडांत पाण्याचे फोड होण्याचा एक आनुवंशिक रोग आहे. आईबापांपैकीं एकास जरी तो असला तरी निम्मीं पिल्लें तो घेऊन जन्मण्याचा संभव असतो. निरनिराळ्या देशांतील तपासण्यांत इराणी मांजरांपैकीं एकतृतीयांश किंवा त्याहूनही अधिक मांजरांत तो आढळला आहे. २००४ सालीं त्याचें मूळ असलेला जनुकांतील फेरफार सांपडला, तेव्हांपासून साध्या तपासणीनें तो आधीं ओळखतां येतो. विकणाऱ्यापाशीं आईबापांची ही तपासणी झाल्याचा कागद मागावा. कागद नसेल तर मांजर सहा-सात वर्षांचें होऊन कुटुंबांत मुरल्यावर रोग बाहेर पडतो, आणि मग सोनोग्राफीसाठीं बहुधा पनवेल-मुंबईची वाट धरावी लागते.

आतां सयामी. सयाम म्हणजे आजचें थायलंड. तेथील जुन्या हस्तलिखितांत शुभ मांजरांचीं चित्रें व लक्षणें दिलीं आहेत आणि त्यांत फिक्या अंगाचें, काळ्या टोकांचें हें मांजर आहे. १८८४ सालीं बँकॉकच्या ब्रिटिश वकिलातींतील एका अधिकाऱ्यानें आपल्या बहिणीसाठीं ह्या मांजरांची जोडी इंग्लंडांत नेली, व दुसऱ्या वर्षीं तीं लंडनच्या प्रदर्शनांत मांडलीं गेलीं.

विज्ञानाची गोडी असणाऱ्या विद्यार्थ्यांस ह्या मांजराचा रंग हाच एक धडा आहे. सयामी पिल्लू जन्मतें तें जवळ जवळ पांढरें. आईच्या पोटांत सगळीकडे सारखी ऊब असते. ह्या जातींत केसांस काळा रंग देणारें द्रव्य असें नाजूक झालें आहे कीं, उबेंत तें काम करीत नाहीं, थंडाव्यांत करितें. जन्मानंतर कान, नाक, पंजे व शेपटी हीं टोकें अंगापेक्षां थंड पडतात आणि तेवढींच हळूहळू काळवंडतात. थंड देशांत हें मांजर गडद होतें. आमच्यासारख्या उष्ण गांवीं अंगाचा रंग अधिक फिका राहतो. तेव्हां पडद्यावर पाहिलेला गडद रंग येथें उतरला नाहीं तर विकणाऱ्यानें फसविलें असें एकदम समजूं नये.

काळजीच्या दृष्टीनें सयामी सोपें. केस आंखूड व अंगासरशीं असतात. आठवड्यांतून एकदां फणी फिरविली, अथवा ओला हात फिरविला, तरी पुरे. पावसांत भिजून आलें तर जुन्या पंच्यानें पुसावें, घटकाभरांत वाळतें. उष्ण व दमट देशांतलेंच तें असल्यामुळें आमचें आभाळ त्यास परकें नाहीं. तें अगदीं निरोगी जनावर आहे असेंही नव्हे. हिरड्यांचे विकार व दमा हे ह्या जातींत अधिक दिसतात, आणि प्रदर्शनवाल्यांनीं इराण्याचें तोंड जसें चपटें केलें तसें ह्याचें पाचरीसारखें लांब करून ठेविलें आहे. जुन्या वळणाचें, वाटोळ्या डोक्याचें सयामी मिळालें तर तेंच घ्यावें.

परंतु जें केसांत वांचतें तें स्वभावांत वसूल होतें. सयामी मांजर बोलतें. आणि बोलतें म्हणजे म्यांव म्हणून गप्प बसत नाहीं. तान्ह्या मुलाच्या रडण्यासारखा त्याचा आवाज असतो, आणि पहांटे पांच वाजतां जाग आली कीं सर्वांनीं उठावें असा त्याचा आग्रह असतो. तें माणसाच्या पाठोपाठ स्वयंपाकघरांत, न्हाणीघराच्या दारापर्यंत, अभ्यासाच्या वहीवर येतें. कडी काढावयास शिकतें, कपाटाच्या माथ्यावर चढतें, फेंकलेला कागदाचा बोळा उचलून परत आणून देतें. ज्यास खेळगडी पाहिजे त्यास याहून चांगलें मांजर मिळणें कठीण. मात्र ह्याच मांजरास दिवसभर एकटें कोंडलें तर तें झुरतें. सतत ओरडतें, अंगावरचे केस चाटून चाटून काढतें, लोंकरीचे कपडे चघळून त्यांस भोंकें पाडतें. शेजारी कंटाळतात, घरची मंडळी रागावतात, आणि मुक्या जनावरास "वाईट" अशी पदवी मिळते.

येथें कोणी विचारील कीं, जातीवरून स्वभाव खरोखर ठरतो काय? कांहीं अंशीं ठरतो. २०१९ सालीं फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनीं साडेपांच हजारांहून अधिक मांजरांची माहिती पाळणाऱ्यांकडून मिळविली. तींत जातीजातींच्या वागण्यांत फरक आढळले, व त्यांतील बराच भाग आनुवंशिक असल्याचें दिसलें. पण बराच म्हणजे सगळा नव्हे. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचें असतां त्यास माणसांचा प्रेमळ हात किती लागला, यावरही पुष्कळ अवलंबून असतें. अंधाऱ्या पिंजऱ्यांत वाढलेलें सयामी माणसाळत नाहीं, आणि मुलांत वाढलेलें इराणी चांगलें खेळकर होतें. म्हणून आम्ही म्हणतों, पिल्लू जेथें जन्मलें तें घर जाऊन पाहावें. चित्रावरून मागणी पाठवूं नये.

आतां अष्टमीच्या घरांत येऊं. आमच्याकडील पुष्कळ घरांत वडील धाटावच्या कारखान्यांत पाळीवर जातात, आईही नोकरीस किंवा स्वतःच्या धंद्यावर असते, मुलें सकाळीं शाळेंत आणि सायंकाळीं शिकवणीस. दहापासून पांचपर्यंत दारास कुलूप. अशा घरीं सयामी आणणें म्हणजे सात तासांची शिक्षा रोज ठोठावणें होय. उलट जेथें आजीआजोबा ओटीवर आहेत, दोन-तीन भावंडें आहेत, दाराची उघडझांप चालू आहे, तेथें सयामी पहिल्याच आठवड्यांत घरचा मालक होऊन बसेल. इराणी मांजर कुलूपबंद घर सोशील. पण त्या घरांत फणी धरावयास कोणी नसतें, आणि आभाळ तर त्याच्या विरुद्ध आहेच. वातानुकूलित खोलींत ठेवूं, असें कोणी म्हणतील. ठेवावें, परंतु आषाढांतल्या वादळी रात्रीं वीज गेल्यावर काय करावयाचें, याचाही विचार करून ठेवावा.

दोहोंतून एकच निवडा, असा आग्रह कोणीं धरिला तर आम्ही सयामीच्या बाजूनें मत देऊं. घरीं माणसें नसतील तर दोन सयामी पिल्लें एकत्र वाढवितां येतात, एकमेकांची सोबत त्यांस होते. कुलुपाची शिक्षा त्यानें निम्मी तरी हलकी होते. आभाळाची शिक्षा मात्र कोणासच हलकी करतां येत नाहीं. ज्यांस इराणी मांजराचाच ध्यास आहे त्यांनीं तें नाकाचें घ्यावें, कागद पाहून घ्यावें, आणि पोटाखालचे व मांड्यांचे केस जाणत्याकडून मे अखेर आंखूड करवून घ्यावे. दिसावयास तें थोडें विचित्र दिसेल. मांजरास त्याची लाज वाटत नाहीं.

पालक आम्हांस सांगतात कीं, मांजर आणल्यानें मुलास जबाबदारी कळेल. हा विचार चांगला आहे, पण त्यांतील हिशेब कच्चा आहे. चांगलें पाळलेलें मांजर बारा-पंधरा वर्षें जगतें, कधीं त्याहूनही अधिक. सहावीच्या मुलानें हट्ट करून आणिलेलें मांजर तो दहावीच्या परीक्षेस बसेल तेव्हां भर तारुण्यांत असतें, आणि तो शिक्षणासाठीं मुंबईस किंवा पुण्यास जाईल तेव्हां घरींच राहतें. मुलानें चार वर्षें जबाबदारी घेतली तर उरलेलीं दहा कोणाचीं, हें कुटुंबानें आजच ठरवावें. कारण हौस फिटल्यावर काय होतें तें आपण जाणतों. मांजर पोत्यांत घालून पुलापलीकडे सोडून येण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. देशी मांजर त्यांतूनही जगतें, पुष्कळदां परत येतें. जटा झालेलें, वाटीवाचून न खाल्लेलें इराणी मांजर मासळीबाजाराच्या कोपऱ्यांत कुत्र्यांपुढें किती दिवस टिकणार? १९६० सालच्या प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानें जनावर असें उपाशी मरावयास सोडून देणें हा गुन्हा आहे. आम्ही मात्र कायद्याच्या भयापेक्षां त्या मांजराच्या चेहऱ्याकडे पाहावयास सांगूं.

खाण्याविषयीं थोडें लिहिणें भाग आहे. कारण ह्या बाबतींत दोन्ही जाती सारख्याच आहेत आणि आमच्या घरांतील समजुती मात्र चुकीच्या आहेत. मांजर हें मांसाहारीच जनावर आहे. दूधपोळी किंवा वरणभात यांवर तें जगलेलें दिसतें तें बाहेर उंदीर-पाली मारून खातें म्हणून. कोंडून ठेवलेल्या मांजरास मांसांतील टॉरिन हें द्रव्य मिळालें नाहीं तर त्याची दृष्टि जाते. हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. ज्या शाकाहारी कुटुंबांस मांस घरांत आणणें रुचत नाहीं त्यांनीं मांजराऐवजीं दुसरें कांहीं पाळावें, हें आम्ही आदरपूर्वक सुचवितों. मासे खाणाऱ्यांनींही जपावें. नुसती कच्ची मासळी रोज घातल्यास एक जीवनसत्त्व नाश पावतें, आणि सुकट व सुके बोंबील यांत मीठ फार. शिजविलेली ताजी मासळी, कोंबडीचें मांस, आणि त्याबरोबर मांजरांसाठीं तयार मिळणारें पूर्ण अन्न, अशी तजवीज असावी. मोठ्या मांजरांपैकीं पुष्कळांस दूध पचत नाहीं. पाण्याची वाटी मात्र नेहमीं भरलेली असावी.

औषधांविषयीं एकच सूचना, पण ती प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवावी. मांजरास ताप आला म्हणून घरांतील पॅरासिटामॉलची गोळी कधींही देऊं नये. माणसास बरी करणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेते. रेबीजची लस मांजरासही टोचावी लागते, व जुलाब-उलट्यांच्या जीवघेण्या साथीवरची लस पिल्लूपणींच द्यावी लागते. मांजर चावलें तर जखम साबणानें पंधरा मिनिटें धुवून लागलीच दवाखान्यांत जावें. घरचेंच आहे म्हणून हयगय करूं नये. तालुक्याच्या ठिकाणीं जनावरांच्या डॉक्टरांचा पुष्कळसा वेळ गाईम्हशींकडे जातो, हें साहजिक आहे. मोठें दुखणें आलें म्हणजे मुंबईस परळचा बाई साकरबाई दिनशा पेटिट दवाखाना, जुन्या लोकांच्या तोंडचा "बैलघोडा" दवाखाना, १८८३ सालापासून जनावरांची सेवा करीत आला आहे. पण तेथवर पोंचण्यास रोह्याहून अर्धा दिवस मोडतो, हेंही निवडीच्या वेळीं मोजावें.

राहतां राहिलें आमचें देशी मांजर. त्यास वंशावळ नाहीं, पण सरळ नाक आहे, आंखूड केस आहेत, आणि ह्याच पावसांत त्याच्या शेंकडों पिढ्या वाढल्या आहेत. स्वभाव कसा निघेल याची हमी कोणी देत नाहीं. एक भावंड मांडी सोडीत नाहीं, दुसरें हातीं लागत नाहीं. ज्यांस इराणी-सयामीचा वाद सुटत नाहीं त्यांनीं एकदां आपल्याच आळींतील भाटीचीं पिल्लें पाहून यावें. सयामीचा खेळकरपणा हवा असेल तर जें पिल्लू धांवत येऊन चपलेच्या पट्ट्याशीं झटापट करितें तें घ्यावें. इराण्याचा शांतपणा हवा असेल तर जें पिल्लू उचलल्यावर हातांत सैल पडून राहतें तें घ्यावें. येथें पैसे पडत नाहींत, म्हणून कांहीं लोकांस त्यांत मोठेपणा वाटत नाहीं, एवढीच अडचण. मात्र सहा महिन्यांच्या आंत त्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी. एका भाटीस वर्षांतून दोन-तीनदां पिल्लें होतात, आणि तीं सर्व पुन्हां पुलावर येतात.

कोणतेंही मांजर आणावयाचें ठरलें तरी पिल्लू आठ आठवड्यांचें झाल्यावांचून आणूं नये. २०१८ सालच्या दुकानांविषयींच्या नियमांनींही त्याआधीं विक्री करण्यास मनाई केली आहे. आणि शक्य तर तें दिवाळीनंतर आणावें. त्यावेळीं हवा कोरडी होऊं लागते, शाळेस सुटी असते, आणि पावसाळा यावयास सात महिने अवकाश असतो. तेवढ्या अवधींत इराणी पिल्लास फणीची संवय होते, सयामीस घरच्या माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा कळतात, आणि देशी पिल्लू तोंवर घराच्या कोणत्या खिडकीची कडी लागत नाहीं हें शोधून काढितें.